म्हैस तबेल्यात, कागद दारोदार

जोगेश्वरीच्या तबेल्यांत पहाटे तीनच्या सुमारास दिवे लागतात. रेडकू दोन घोट पिऊन पान्हा सोडवते, मग त्याला ओढून बाजूला बांधतात. धार काढणारा गुडघ्यांत बादली धरून उकिडवा बसतो आणि म्हशीचे तोंड गव्हाणीतल्या सरकी पेंडीत जाते. माशी बसली की ती कान झटकते, आणि तेवढ्यापुरता कानातला पिवळा बिल्ला दिसतो. त्यावर बारा आकडे असतात. रोज त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण उपनगरातल्या म्हशीचे निम्मे सरकारी व्यवहार आज त्या बारा आकड्यांवर चालतात. बिल्ला निखळून पडला आणि मालकाने तो पुन्हा बसवून घेतला नाही, तर कागदोपत्री ती म्हैस नसल्यासारखीच.

मुंबईत म्हशी किती, हा प्रश्न विचारला की अंधेरी-बोरिवलीतली मंडळीही चकित होतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत मुंबईत चोवीस हजारांहून अधिक म्हशी आणि सव्वातीन हजारांच्या आसपास गायी मोजल्या गेल्या. एखाद्या तालुक्याला शोभावे असे हे पशुधन टॉवरच्या सावलीत उभे आहे. गंमत अशी, की म्हशी शहराबाहेर न्यायच्या म्हणूनच त्या उपनगरात आल्या होत्या. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहरातल्या दाटीतल्या म्हशी मोकळ्या हवेत, एका शिस्तीत ठेवाव्यात ही कल्पना दारा खुरोडी यांची. पुढे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मिळाला. मग शहरच आरेच्या चहूबाजूंनी वाढले. वसाहतीबाहेरच्या तबेल्यांचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ते पालघर जिल्ह्यातल्या दापचरीला हलवण्याची आखणी झाली. काही गेले, बरेचसे आहेत तिथेच आहेत.

इथल्या पशुपालकाची खरी अडचण मात्र वेगळी आहे. सोलापूरच्या किंवा नगरच्या शेतकऱ्याला जनावराचे काही काम निघाले तर वाट ठरलेली असते: गावचा पशुवैद्यकीय दवाखाना, पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी, त्यावर जिल्हा परिषद. मुंबई उपनगर जिल्ह्याला जिल्हा परिषदच नाही, तर पंचायत समिती कुठून असणार? त्यामुळे एका गावात एका खोलीत होणारी कामे इथे पाच-सहा खात्यांत विखुरली आहेत. तबेलेवाल्याला शेतकरी म्हणावे तर हाती सातबारा नाही, कारखानदार म्हणावे तर कारखाना नाही. नोटीस द्यायची असली की सगळ्यांना त्याचा पत्ता सापडतो, योजना द्यायची असली की तो कोणाच्याच यादीत नसतो. म्हणून कोणत्या कामाला कोणते दार, हे त्याने स्वतःच माहीत करून घेतलेले बरे.

पहिले दार गुरे नियंत्रणाचे. महाराष्ट्रात १९७६ पासून नागरी भागांत गुरे पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र कायदा आहे. अंमलबजावणी दुग्धविकास खात्याकडे. अधिसूचित शहरी भागात गाय, म्हैस किंवा त्यांची वासरे-रेडके पाळायची तर परवाना हवा, आणि परवान्यावर जेवढी संख्या असेल तेवढीच जनावरे दावणीला हवीत. जनावर हद्दीत आणायचे किंवा बाहेर न्यायचे तरी परवानगी घ्यावी लागते. पन्नासचा परवाना आणि दावणीला सत्तर म्हशी, हे चित्र नवे नाही. पण तपासणी झाली की वरच्या वीस म्हशी आधी जातात आणि मागून परवानाही अडचणीत येतो. आरेतल्या गोठ्यांचे परवानाधारक वसाहतीच्या प्रशासनाला बांधील असतात. तिथे गोठ्याची जागा सरकारची, म्हशी मालकाच्या, हे विसरून कोणी परस्पर गोठा दुसऱ्याला ‘चालवायला’ दिला तर तो व्यवहार कोणत्याही कार्यालयात टिकत नाही.

समजा, मालाडच्या एका तबेल्याला हरियाणातून दहा मुऱ्हा म्हशी आणायच्या आहेत. दलाल फोनवर सांगतो, ‘गाडी भरून पाठवतो, तुम्ही फक्त उतरवून घ्या.’ इथेच सावध व्हावे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार साध्या मालवाहू ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरे भरता येत नाहीत, आणि प्रवासाला जनावर धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत लागतो. मोटार वाहन नियमांत प्रत्येक गाय-म्हशीमागे दोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. सतरा फूट लांब आणि सात फूट रुंद हौद्याचे क्षेत्रफळ अकरा चौरस मीटर भरते, म्हणजे म्हशी पाचच. दहा म्हशींना दोन गाड्या. दलाल एका गाडीचे भाडे सांगतो तेव्हा उरलेल्या पाच म्हशींची जोखीम तो मालकाच्या खिशात टाकत असतो. वाटेत गाडी अडवली गेली, जनावरे गोशाळेत गेली आणि प्रकरण कोर्टात उभे राहिले, तर म्हशींच्या खाण्याचा खर्चही मालकाच्या माथी येऊ शकतो.

बिल्ल्याचे काम इथेच सुरू होते. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. म्हणून सौदा करतानाच प्रत्येक म्हशीचा क्रमांक लिहून घ्यावा, बिल्ल्याचा फोटो काढावा आणि ‘भारत पशुधन’ या नोंदप्रणालीत ती म्हैस कोणाच्या नावावर आहे, तिला कोणत्या लसी कधी दिल्या, हे स्थानिक पशुवैद्यकाकडून पाहून घ्यावे. पैसे दिल्यावर मालकाचे नाव बदलून घ्यायचे राहून जाते, आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच. म्हैस मालाडमध्ये दूध देते आणि कागदावर रोहतकला उभी असते. उद्या विम्याचा दावा करायची वेळ आली तर कंपनीचा पहिला प्रश्न याच नोंदीबद्दल असतो. गाडी आली की नव्या म्हशी तीन आठवडे वेगळ्या बांधाव्यात, त्यांची बादली, घमेले आणि शक्यतो माणूसही वेगळा ठेवावा. तबेल्यात जागा कुठे आहे, असे मालक म्हणतील. पण लाळ्या-खुरकूत एकदा दावणीत शिरला, की दुधाचा खळ किती दिवस चालतो हे त्यांना सांगायची गरज नाही.

दुसरे दार महापालिकेचे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याच्या ३९४ व्या कलमाखाली काही वस्तू, व्यवसाय आणि जनावरे परवान्याशिवाय ठेवता येत नाहीत. पालिकेचे पशुवैद्यकीय आरोग्य खाते, विभाग कार्यालयातले आरोग्य अधिकारी आणि घनकचरा खाते असे तिघे तबेल्याच्या दारात येऊ शकतात, आणि बहुतेक वेळा येतात ते शेणासाठी.

शेणाचा हिशेब एकदा मांडून बघावा. मोठे जनावर दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण आणि जवळपास तेवढेच लिटर मूत्र टाकते. वीस म्हशींचा छोटा तबेला म्हणजे रोजचे तीन-चारशे किलो. हे पूर्वी पाण्याच्या पाइपने गटारात ढकलले जाई. काही ठिकाणी अजून जाते. दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या उपनगरांच्या नद्या, त्यांना लोक नाले म्हणू लागले त्यात या पाइपचाही वाटा आहे. राष्ट्रीय हरित लवादातल्या एका प्रकरणानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पंधरा किंवा अधिक जनावरांच्या दुग्धशाळेला आता राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा विषय टाळता येत नाही. एका जनावरामागे दिवसाला दीडशे लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असेही त्या सूचनांत आहे. आधी शेण फावड्याने उचलून मग जमीन धुतली तर हे सहज जमते. शेणावरच पाइप सोडला तर कधीच जमत नाही. शेण कोण उचलतो, कुठे नेतो, याची तारीखवार वही ठेवावी. नोटिशीला उत्तर देताना वकिलाच्या पत्रापेक्षा अशी वही जास्त उपयोगी पडते.

रस्त्यावर सोडलेल्या गुरांचे प्रकरणही पालिकेचेच. ती मालाडच्या कोंडवाड्यात जातात आणि दंड भरून सोडवावी लागतात. बोरिवली-घाटकोपरच्या देवळांबाहेर सकाळी एक गाय बांधलेली असते, शेजारी गवताच्या पेंढ्या घेऊन बसलेली बाई असते, येणारा-जाणारा दहा रुपये टाकून पुण्य घेऊन जातो. ती गाय रात्री कुठल्या दावणीला असते, तिला टॅग आहे का, लस टोचली आहे का, हे पुण्य घेणाऱ्याने एकदा तरी विचारावे.

तिसरे दार पशुसंवर्धन खात्याचे, आणि हे मदतीचे दार आहे. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त कार्यालय मुंबई उपनगरालाही आहे. राज्याचे आयुक्तालय पुण्यात औंधला. लाळ्या-खुरकूत लसीकरण केंद्राच्या कार्यक्रमातून मोफत होते आणि ते वर्षातून दोनदा करून घ्यायचे असते. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला किंवा रेडीला आयुष्यात एकदाच देतात. हा आजार माणसालाही होतो. म्हशीने अवेळी गाभ टाकला तर तो किंवा वार नुसत्या हाताने उचलू नये, आणि त्या म्हशीचे दूध न उकळता कोणाच्याही पोटात जाऊ देऊ नये. उपनगरात पावसाळ्यात आणखी एक भीती असते ती लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची. २६ जुलै २००५ च्या पुरात तबेल्यांत दावणीलाच अनेक जनावरे मेली आणि त्यामागोमाग शहरात लेप्टोची साथ आली. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: सखल भागातल्या तबेल्यात दावे कापायचा कोयता भिंतीला टांगलेला असावा आणि रात्री कोणीतरी जागे असावे.

जनावर आजारी पडले तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. लक्षणे साथीच्या रोगाची वाटली तर मात्र निव्वळ उपचार करून थांबता येत नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित रोगाची शंका आली की मालकाने कळवलेच पाहिजे. लोक घाबरून लपवतात, आणि लपवण्यात नुकसान त्यांचेच होते. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्याने दगावलेल्या दुधाळ जनावराला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये अशी मदत दिली. ज्यांनी वेळेत कळवले आणि ज्यांचा पंचनामा झाला त्यांना ती मिळवता आली. परस्पर पुरून टाकलेल्या जनावराचा पंचनामा कोण करणार? गुंतागुंतीच्या उपचारांसाठी परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १८८६ साली सुरू झालेल्या या संस्थेचा एक परिसर गोरेगावला आरेतही आहे, हे उपनगरातल्या अनेकांना माहीत नसते. परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही आहे.

पान्हवण्याच्या सुईबद्दल स्पष्ट बोलायला हवे. रेडकू मेले की म्हैस दूध चोरते, मग कोणीतरी छोटी बिनलेबलची बाटली आणून देतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या बाराव्या कलमाखाली जनावराच्या प्रकृतीला अपायकारक असे इंजेक्शन दूध वाढवण्यासाठी देणे हा गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जनावर सरकारजमा होते. लाखाची म्हैस पाच रुपयांच्या बाटलीपायी घालवणे याला धंदा म्हणत नाहीत. रेडकू जगवणे हाच त्यावरचा स्वस्त इलाज. उपनगरातल्या तबेल्यांची सर्वांत दुबळी बाजूही तीच आहे, कारण रेडकाच्या तोंडचे दूध विकण्याचा मोह दर लिटरमागे वाढत जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या दूध उत्पादकांच्या संघटनेने सुट्या म्हशीच्या दुधाचा घाऊक दर ८७ रुपये केला होता. अशा दरात रेडकाच्या वाट्याला दोन लिटर सोडायला छाती लागते.

दूध विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. लहान धंद्याला वर्षाला शंभर रुपयांत होणारी नोंदणी, मोठ्याला परवाना, आणि राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाची. नोंदणीकृत सहकारी संस्थेचा जो सभासद आपले सगळे दूध संस्थेलाच घालतो, त्याला यातून सूट आहे. उपनगरातले तबेले बहुतेक थेट दुकानाला किंवा घरोघर रतीब घालतात, म्हणून ही सूट त्यांना लागू नाही. म्हशीला प्रतिजैविक दिले असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत ते दूध रतिबात मिसळू नये.

आता पैशाचे दार. राज्याने २०२४ मध्ये लिटरमागे पाच आणि पुढे सात रुपये अनुदान दिले, त्याची जाहिरात वाचून तबेल्यांतूनही विचारणा झाली असणार. ते अनुदान होते गाईच्या दुधाला, आणि तेही संघाला किंवा प्रकल्पाला घातलेल्या. जोगेश्वरीच्या म्हशीचा त्यात संबंध नव्हता. राष्ट्रीय पशुधन अभियानातले पन्नास टक्के भांडवली अनुदान शेळी-मेंढी, कुक्कुट, वराह आणि चारा यांसाठी आहे. गाय-म्हशीचा गोठा त्यात बसत नाही. राज्याच्या गट वाटपाच्या योजनांचा अर्ज भरण्याआधी शासन निर्णयातली जिल्ह्यांची ओळ वाचावी. ग्रामीण भागासाठी आखलेली योजना मुंबई उपनगरात चालते असे सांगून ‘फॉर्म भरून देणारे’ पैसे घेऊन जातात.

उपनगरातल्या माणसाला खरोखर उपयोगी पडेल असे दोनच मोठे आधार आहेत. पहिला किसान क्रेडिट कार्डाचा. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून ते पशुपालकांनाही खुले झाले. जमीन नावावर असण्याची अट त्यात नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत भाड्याच्या गोठ्यात जनावरे ठेवणाराही बसतो. पेंड, कडबा, औषध, मजुरी यांसाठी खेळते भांडवल सात टक्क्यांनी मिळते, वेळेवर फेडले तर तीन टक्के सूट मिळून ते चार टक्क्यांवर येते, आणि ही सवलत दोन लाखांपर्यंत आहे. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारणही मागायचे नाही. बँकेतला माणूस ‘हे गावाकडच्यांसाठी असते’ म्हणाला तर वाद न घालता अर्ज लेखी द्यावा आणि पोच मागावी. सोबत गुरे पाळण्याचा परवाना, भाडेकरार, टॅग क्रमांकांची यादी आणि दूध विक्रीची वही जोडावी. या चार कागदांपुढे बहुतेक शंका विरतात.

दुसरा आधार विम्याचा. २०२४ मध्ये केंद्राने पशुधन विम्यातला मालकाचा हप्त्याचा वाटा पंधरा टक्क्यांवर आणला, बाकीचा सरकारांचा. मोठ्या जनावरांची मर्यादा कुटुंबामागे दहा. इथेही पुन्हा तोच बिल्ला: टॅग नाही तर दावा नाही. टॅग पडला तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून नवा बसवून घ्यावा आणि नवा क्रमांक पॉलिसीवर चढवून घ्यावा.

आरेतल्या आदिवासी पाड्यांचा हिशेब निराळा. तिथे म्हशी नाहीत, चार शेळ्या आणि दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत. कोंबड्यांना मानमोडीची लस आणि शेळ्यांना पीपीआरची लस वेळेत मिळाली तर वर्षाचे निम्मे नुकसान टळते. उरलेल्या निम्म्याचा मानकरी बिबट्या. मुलुंडच्या डोंगरउतारापासून बोरिवलीपर्यंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या काठाने राहणाऱ्यांना हे सांगायला नको. वन्यप्राण्याने जनावर मारले तर भरपाई वन विभाग देतो. ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस किंवा बैलाला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार यांत कमी असेल ती रक्कम, आणि शेळी-मेंढीला कमाल १५ हजार. मात्र अठ्ठेचाळीस तासांत वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवावे लागते आणि पंचनाम्याआधी मेलेले जनावर जागचे हलवायचे नसते. १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा, फोटो काढून ठेवावेत. उद्यानाच्या हद्दीत शिरून गुरे चारणे मुळातच कायद्याविरुद्ध आहे. तिथे भरपाईची आशा धरू नये.

कागद कुठे अडला तर ओळखीचा माणूस शोधण्याआधी ती सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहे का ते पाहावे. असेल तर मुदत ठरलेली असते, आणि मुदत टळली की त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

यातले काहीच लगेच जमणार नसेल, तर वाचकांपैकी ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांनी एवढे तरी करावे. पुढच्या वेळी लसीकरणाला डॉक्टर आले की त्यांच्या मोबाइलवर आपल्या प्रत्येक जनावराचा टॅग क्रमांक टाकायला सांगावा, आणि समोर येणारे मालकाचे नाव व फोन नंबर आपलेच आहेत ना, हे जनावराशेजारी उभे राहून वाचून घ्यावे.